फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला तंत्रस्नेही शिक्षकांवरचा लेख वाचला. वाचून आलेली चीड आजही उतरलेली नाही, म्हणून लिहायला बसले. लेखकाने दहा अ‍ॅप्सची यादी दिली, कोणाचे किती व्हिडिओ आणि कोणाकडे किती प्रमाणपत्रं ते मोजलं, आणि या मोजणीत न बसणाऱ्यांना 'मागे पडलेले' असा शेरा मारला. या साधनांमधून शिक्षक नेमका शिकतो कसा, याबद्दल अख्ख्या पानात एक ओळ नाही.

मी बावीस वर्षं गणित शिकवते. मोबाइलवरून मी भरपूर शिकले आहे. कसं, ते सांगते.

सहावीच्या वर्गात अर्ध्याहून जास्त मुलं १/२ + १/३ = २/५ असं लिहीत होती. वरचे अंक वरच्यात, खालचे खालच्यात. छेद समान करायची रीत मी तीनदा शिकवली, घोटून घेतली. आठवडा उलटला की पुन्हा २/५ हजर. एका रात्री वह्या तपासताना हात टेकले. एका पानाचा फोटो काढला, मुलाचं नाव झाकलं आणि गणित शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हे कसं घालवायचं? माझंच काहीतरी चुकतंय." एवढं लिहायलाही मला धीर गोळा करावा लागला. ग्रुपवर दोनशे जण होते आणि त्यातले बरेच मला ओळखणारे होते.

साडेअकराच्या सुमाराला एका अनोळखी नंबरवरून उत्तर आलं. "रीत पुन्हा सांगू नका. २/५ मोठा की १/२, एवढंच विचारा."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाकावर सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या दिल्या. एक मधोमध दुमडून अर्धी रंगवायची. दुसरीचे मोजून पाच भाग करायचे आणि दोन रंगवायचे. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवायच्या. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "बाई, अर्ध्यात आणखी घातलं, तर अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं?" पुढच्या तासाला मुलांनी सहा भागांची पट्टी स्वतः मागून घेतली आणि त्यावर ३ भाग आणि २ भाग मिळून ५/६ मोजून काढले. समान छेद कशासाठी लागतो, हे मला सांगावंच लागलं नाही.

बावीस वर्षांत कुठल्याही प्रशिक्षणात हा एक प्रश्न मला कोणी हातात दिला नव्हता. तो मिळाला, कारण मी चारचौघांत माझी अडचण कबूल केली आणि दुसऱ्या कोणाला ती वाचून स्वतःचा वर्ग आठवला. ऑनलाइन शिकणं म्हणतात ते हेच.

आता त्या ग्रुपचं काय झालं ते ऐका. हळूहळू त्यात वरिष्ठ आले. मग उपक्रमांचे फोटो मागवणं सुरू झालं, लिंक भरल्याची खात्री, उपस्थितीचे स्क्रीनशॉट. फॉरवर्डचा कचराही वाढला होता, हे खरंच आहे. पण त्यावर उपाय काय निघाला? एका संध्याकाळी मी एक प्रश्न टाइप करत होते. निम्मं वाक्य झालं आणि लिहायची चौकटच नाहीशी झाली. तिथे एक करडी ओळ आली, फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये ही सोय दिली, ती सूचना देण्यापुरती ठीक आहे. शिक्षकांच्या विषयग्रुपला ती लावली की तिथे उरतो तो नोटीस बोर्ड. मी विचारणा केली, तेव्हा "शंका असतील तर वैयक्तिक विचारा" असं उत्तर आलं. वैयक्तिक कोणाला विचारू? साडेअकराला उत्तर देणारी व्यक्ती माझ्या ओळखीची नव्हती, हाच तर मुद्दा आहे.

लेखातल्या त्या यादीचंही सांगते. शिक्षक वापरत असलेल्या अशाच ऑनलाइन साधनांपैकी विकिस्पेसेस २०१८ मध्ये बंद झालं, एडमोडो २०२२ मध्ये, जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस. प्रत्येकावर जगभरच्या शिक्षकांनी मन लावून साहित्य रचलं होतं. अ‍ॅपची नावं पाठ करून शिक्षक तयार होत नाही. आणि ज्या 'मूक'चं (MOOC, म्हणजे कोणालाही खुला असलेला मोठा ऑनलाइन अभ्यासक्रम) लेखकाला एवढं कौतुक आहे, त्या नावाची सुरुवात तरी त्यांनी पाहायची होती. २००८ मध्ये जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी जो अभ्यासक्रम चालवला, त्यावरून हा शब्द निघाला. फी भरणारे पंचवीसेक विद्यार्थी, आणि बाहेरून फुकट आलेले दोन हजारांहून अधिक. ते आपापल्या ब्लॉगवर लिहीत, एकमेकांना प्रश्न विचारत, वाद घालत. व्हिडिओ पळवत शेवटाला न्यायचा आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं, हे नंतर आलं.

आणखी एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहिते. त्या पट्ट्यांची मी एक कार्यपत्रिका केली होती, खाली माझं नाव घालून. वर्षभराने एका प्रशिक्षणात तीच पत्रिका माझ्याच हातात पडली. खालची नावाची पट्टी कापलेली होती आणि वर दुसऱ्याच कोणाचा शिक्का होता. साहित्य वाटावं, जरूर वाटावं. त्यासाठीच मी ते टाकलं होतं. आपलं साहित्य इतरांना वापरू देण्यासाठी जे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने असतात, ते सहाच्या सहा वाटायची मुभा देतात, आणि सहांतही मूळ कर्त्याचं नाव ठेवायची अट आहे. नाव ठेवायला एक ओळ लागते. ती कापायला मात्र कोणीतरी मुद्दाम कात्री चालवावी लागते.

असो. त्या संध्याकाळी अर्धवट राहिलेला प्रश्न अजून माझ्याकडे आहे. आपले वाचक शिक्षकही आहेत, म्हणून तो इथे छापावा, ही विनंती. (-३) × ४ = -१२ हे कर्जाच्या उदाहरणाने मुलांना लगेच पटतं. चार जणांचं प्रत्येकी तीनचं कर्ज, मिळून बाराचं. पण (-३) × (-४) ला कर्ज कामी येत नाही, कारण उणे चार माणसं मला दाखवता येत नाहीत. 'ऋण गुणिले ऋण धन' हा नियम पाठ करायला न लावता, सातवीच्या मुलाला १२ कसे पटवून द्यायचे?

आपली,
एक गणित शिक्षिका