ओंकारला, मनूच्या फुटबॉलबद्दल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस नाहीतर बाजूला कुणीतरी असतं, म्हणून टाइप करून पाठवतेय. लांबलचक झालंय पण सगळं वाच, अर्धं वाचून थम्ब्स अप पाठवू नकोस.

मनूबद्दल आहे. मागच्या वेळी बोलताना तू तिला म्हणालास ना की मुलींच्या फुटबॉलमध्ये पुढे काही नाही, अकरावीला सायन्स घेतलंयस तर आता ते सोड आणि कोचिंगकडे लक्ष दे. तू तिच्या काळजीनंच बोललास, ते कळतं मला. पण हेच बाबा बोलले असते तर तिनं तासभर वाद घातला असता, तू बोललास म्हणजे तिच्यासाठी विषय संपला. तेव्हापासून चिमनबागच्या ग्राउंडवर गेलेली नाही. विचारलं की पाय दुखतोय म्हणते. स्टड्सचे बूट गॅलरीत पडलेत, त्यांना लागलेली काळी माती पण काढलेली नाही, आणि तुला माहितेय पावसाळ्यात ही पोरगी घरी आली की आधी जुना चमचा घेऊन एकेक स्टड खरवडत बसते, जेवायला हाका मारून मारून मी दमते.

आता पुढे काही आहे की नाही ते ऐक. ५ जुलै २०२५ ला, शनिवारी, चियांग माईला इंडियाची थायलंडशी मॅच होती, एशियन कपच्या क्वालिफायरची, म्हणजे पात्रता फेरीची, शेवटची. मनू आमच्यात येऊन बसली नाही, आत पलंगावर मोबाईलवर स्कोअर रिफ्रेश करत होती, मला दारातून दिसत होतं. ग्रुपमधून एकच टीम जाणार, आणि दोघींचे पॉइंट्स सारखे, गोल डिफरन्सपण सारखा. आपण मंगोलियाला १३-०, तिमोर लेस्तेला ४-०, इराकला ५-० हरवून आलो होतो, पण थायलंड रँकिंगमध्ये आपल्यापेक्षा बरीच वर, २०१५ आणि २०१९ चा वर्ल्ड कप खेळलेली टीम, आणि मॅच त्यांच्याच घरी. आपल्या संगीता बासफोरनं पहिला गोल केला, हाफ टाइम झाल्या झाल्या थायलंडनं बरोबरी केली, तेव्हा आतून काही आवाज नाही. मग पंचाहत्तराव्या मिनिटाच्या आसपास परत संगीताच, २-१, आणि मनू पलंगावरून जी ओरडली ना की खालच्या काकू वर आल्या काय झालं बघायला. ओंकार, पाय दुखणारी मुलगी अशी उडी मारत नाही रे.

तर मार्च २०२६ च्या ऑस्ट्रेलियातल्या एशियन कपमध्ये आपल्या मुलींनी अशी जागा मिळवली. क्वालिफायर जिंकून जायची ही पहिलीच वेळ. याआधीचा एशियन कप २०२२ मध्ये आपल्याकडेच, महाराष्ट्रात होता, यजमान म्हणून जागा मिळाली होती. इराणशी ०-० झालं आणि मग टीममध्ये कोविड निघाला, चायनीज तैपेईच्या मॅचला उभ्या करायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत, स्पर्धेतून बाहेर. मनू तेव्हा लहान होती, जेवली नव्हती त्या रात्री, तुला आठवत असेल, तू घरीच होतास. त्यातून उठून या मुलींनी तीन वर्षांत थायलंडला थायलंडमध्ये हरवलं. आणि याच एशियन कपमधून २०२७ च्या ब्राझीलच्या वर्ल्ड कपच्या टीम्स ठरतात, म्हणजे रस्ता आहे, अवघड आहे पण आहे.

ही मला पाठ झालेली माहिती सगळी मनूचीच, पोळ्या लाटताना बाजूला उभी राहून सांगायची. तिनंच सांगितलं की आपण एकेकाळी आशियात दुसरे होतो, १९८० ला कालिकतला फायनल खेळलो आणि १९८३ ला परत बँकॉकला. शांती मलिकला त्याच १९८३ ला अर्जुन अवॉर्ड मिळालं, ते मिळवणारी ती पहिली महिला फुटबॉलर. मग एवढी चांगली टीम खाली का गेली? मुली कमी पडल्या म्हणून नाही. त्यांना मॅचेसच दिल्या नाहीत. २००९ ला तर फिफाच्या रँकिंगमधून आपलं नावच निघालं, दीड वर्षावर एकही इंटरनॅशनल मॅच खेळलो नव्हतो म्हणून. हरलो म्हणून नाही, खेळलोच नाही म्हणून! पुढे काही नाही असं मोठ्या लोकांनी आधीच ठरवलं आणि मग खरंच काही राहिलं नाही. माझा राग त्याच्यावर आहे, आणि म्हणून तुझं ते वाक्य मला लागलं.

मणिपूरची बेंबेम देवी लहानपणी मुलाचं नाव सांगून मुलांच्या टीममध्ये खेळायची. तिला २०२० ला पद्मश्री मिळाली. बरं, मणिपूर लांब आहे म्हणशील, तिथे घरोघरी फुटबॉल आहे. मग ज्योती चौहान बघ. आपल्या धार जिल्ह्याची, इंदूरहून दोन तासांवर, आपण मांडूला जाताना धारला चहाला थांबतो तेच धार. ती केरळच्या गोकुलम क्लबकडून खेळली, तिथून क्रोएशियात दिनामो झाग्रेब क्लबकडून खेळली, इंडियाकडून खेळली. माळव्यातली मुलगी. आपल्या रामबागेत किती जणांना तिचं नाव माहितेय विचार एकदा, क्रिकेटच्या प्रत्येक पोराचं सांगतील.

आणि नोकरीचंच म्हणत असशील तर तामिळनाडूची इंदुमती पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाली आणि इंडियाकडून मिडफिल्डमध्येपण खेळली. पैसा फार नाही या खेळात, हे मी नाकारत नाही. लीग आहे पण तिला क्रिकेटसारखा पैसा नाही आणि मनू इंडियाकडून खेळेल असं काही मी धरून चाललेली नाही. तिनं सायन्स करावं, चांगले मार्क्स आणावेत हेच मलाही वाटतं. पण त्यासाठी हे सोडायची काय गरज आहे? संध्याकाळचे दोन तास. मुलींना ग्राउंड पण मुलांचं झाल्यावर मिळतं, गोलपोस्टसमोर नुसता चिखल झालेला असतो, तरी कुरकुर नाही.

तू तिला खेळताना बघितलंच नाहीयेस ना. ती राइट बॅक आहे, म्हणजे मागे उजवीकडे डिफेन्सला, गोल वगैरे करत नाही, त्यामुळे फोटो पण कुणी काढत नाही. मागच्या उन्हाळ्यातल्या टुर्नामेंटमध्ये समोरची एक खूप फास्ट मुलगी होती, दोनदा तिला चकवून गेली. तिसऱ्यांदा मनू पुढे धावलीच नाही, दोन पावलं मागे सरकली, त्या मुलीला लाइनकडे जाऊ दिलं, आणि बॉल पायापासून जरा लांब गेला त्या क्षणी मध्ये घुसून काढून घेतला. कुणी शिकवलं नव्हतं मॅच चालू असताना, तिनं तिथल्या तिथे ओळखलं. घरी डबा विसरणारी, चष्मा शोधत फिरणारी आपली मनू. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, बाजूचे बघायला लागले तर बघू देत.

पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या टीमच्या ट्रायल्स आहेत. फॉर्म भरायला अजून वेळ आहे. मी सांगून ती ऐकणार नाही, आई काय म्हणणारच असं तिला वाटतं. तुलाच फोन करावा लागेल, या रविवारी कर. सल्ला देऊ नकोस, थायलंडच्या मॅचबद्दल विचार, संगीताचे गोल बघितलेस का विचार, नसतील बघितले तर आधी तू बघ. मग ट्रायलचं तीच काढेल, आणि काढलं की नीट सांग की जा म्हणून, मोकळ्या मनानं. जमलं तर त्या शनिवार-रविवारी येच, पुण्याहून रात्रीची बस धरलीस तर सकाळी पोह्यांना घरी पोचतोस, ट्रायल बघून परत जा. तिच्यासाठी शिन गार्ड्स घेऊन ये, जुने लहान झालेत. साइज मला माहीत नाही, तिलाच विचार.

आई