लाल टोपी, केशरी टोपी आणि बारा युनिट

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मधल्या रविवारी आपल्या पुरवणीत मधुमेहावर पानभर मजकूर आला होता. काय खावं, किती चालावं, भात सोडावा की नाही, सगळं होतं. इन्सुलिनच्या वाट्याला मात्र शेवटी दोन ओळी आल्या. डॉक्टरांनी सांगितलं तर घ्यावं, एवढंच. ते घ्यायचं कसं आणि घेताना चूक कुठे होते, हे आमच्या घरात आम्ही फार महागात शिकलो. म्हणून हे पत्र.

मी एसटीतून निवृत्त झालेला वाहक. आयुष्य तिकीट आणि सुट्ट्या पैशांच्या हिशेबात गेलं, त्यामुळे मोजमापात मी चुकणार नाही असा मला थोडा ताठा होता. आमच्या सौ.ना बारा वर्षांपासून शुगर. चार वर्षं इन्सुलिन चालू आहे. आधीचं दुधट रंगाचं, सकाळ-संध्याकाळ घ्यायचं. बाटली तळहातांमध्ये हलकेच फिरवायची आणि लाल टोपीच्या सिरिंजने ओढायचं. सूनबाईचा हात त्यात इतका बसला होता की टीव्ही पाहता पाहता ती इंजेक्शन भरायची.

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी ते बदलून लांब पल्ल्याचं इन्सुलिन दिलं. ग्लारजिन. रात्री एकदाच, १२ युनिट. चिठ्ठी घेऊन मी मेडिकलमध्ये गेलो. दुकानदाराने नवी बाटली दिली आणि नेहमीच्या सिरिंजही दिल्या. त्याने विचारलं नाही, मीही विचारलं नाही. दुकानदार ओळखीचा आणि भला माणूस आहे, त्याच्यावर माझा राग नाही.

तिसऱ्या रात्री साडेतीनच्या सुमारास सूनबाईने दार वाजवलं. ‘मामाजी, उठा बरं, आत्याबाई कशातरीच करून राह्यल्या.’ जाऊन पाहतो तर गादी घामाने ओली, हात थरथरत होते आणि आमची ही मला विचारत होती, ‘बैल सोडले काय?’ आमचे बैल विकून नऊ वर्षं झाली. मुलाने बोटाला टोचून मीटर लावलं. आकडा आला ४१. सत्तरच्या खाली आला की धोका, हे आम्हाला ठाऊक होतं. ४१ कधी पाहिला नव्हता. गिळता येत होतं म्हणून अर्ध्या पेल्यात तीन चमचे साखर विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, ६८. आणखी तीन चमचे. मग ९६ आली. बोलणं ताळ्यावर आलं आणि आम्ही चहा ठेवला.

खरी गोष्ट इथून पुढची आहे. सहा वाजता शुगर पुन्हा ५५ वर. लांब पल्ल्याचं इन्सुलिन एकदा अंगात गेलं की ते दिवसभर, चोवीस तासांच्या आसपास, आपलं काम करत राहतं. साखर तास-दोन तासांत संपते, ते संपत नाही. गाडी करून दवाखान्यात नेलं. ग्लुकोजची सलाईन लागली, एक दिवस आणि एक रात्र मुक्काम झाला.

दवाखान्यातल्या सिस्टरने बाटली आणि सिरिंज दोन्ही मागवल्या आणि कपाळाला हात लावला. बाटलीवर छापलं होतं १०० युनिट प्रति मिली. सिरिंज होती ४० युनिट प्रति मिलीच्या औषधाची. मी तिथेच तिकिटाच्या पाठीवर करावा तसा हिशेब केला. चाळीसच्या सिरिंजवर बाराच्या रेघेला ०.३ मिली औषध येतं. शंभरच्या बाटलीतलं ०.३ मिली म्हणजे ३० युनिट. १२ च्या जागी ३०, अडीच पट. तीन रात्री लागोपाठ. सूनबाईने एकही रेघ चुकवली नव्हती. माप बरोबर होतं, मापटं चुकीचं होतं.

पूर्वी धान्य मोजताना एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीला लागत नसे. सरकारने वजनमापं एक केली आणि ती भानगड मिटली. इन्सुलिनच्या बाबतीत मात्र आपल्या देशात आजही दोन पायल्या एकाच दुकानात, एकाच फळीवर आहेत. लाल टोपीची सिरिंज चाळीसची, केशरी टोपीची शंभरची. रात्री नऊ वाजता, कमी व्होल्टेजच्या दिव्याखाली, मोतीबिंदू पिकत आलेल्या डोळ्यांना लाल आणि केशरी वेगळे दिसतील ही अपेक्षा ज्याने ठेवली त्याने आमचं गाव पाहिलेलं नाही. अनेक देशांनी चाळीसचं माप केव्हाच बंद करून शंभर हे एकच ठेवलं. आपल्याकडे ते अजून का झालं नाही, हे कुणी जाणकाराने आपल्या अंकात लिहावं.

२०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लारजिन आलं, हे चांगलंच झालं. पण म्हणजे आता ही शंभरची बाटली, पेन (पेनासारखं दिसणारं टोचायचं साधन) आणि त्यात बसणारी औषधाची नळी म्हणजे कार्ट्रिज आणखी घरांत पोहोचणार, आणि त्याच घरांच्या कपाटात चाळीसच्या सिरिंज पडून असणार. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. त्यातल्या थोड्यांनाच इन्सुलिन लागत असेल. तरी आमच्यासारखी किती घरं असतील, याचा हिशेब मला मांडवत नाही.

डॉक्टरांनाही एक विनंती. चिठ्ठीवर आकड्याला चिकटवून इंग्रजीतला ‘यू’ लिहू नये, घाईत तो शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा. बाटली ४० ची की १०० ची, तेही लिहावं. ओळीला दोन सेकंद लागतील.

आता हे औषध नेमकं करतं काय, ते मला समजलं तसं सांगतो. आमच्या आर्वी-कारंजा भागात संत्र्याच्या बागा आहेत. जेवणाआधीचं इन्सुलिन म्हणजे मोकाट पाणी, एकदम सोडलं आणि एकदम जिरलं. हे लांब पल्ल्याचं म्हणजे ठिबक. आपण जेवलो नाही तरी यकृत थोडी थोडी साखर रक्तात सोडतच असतं, त्यासाठी हे थेंब थेंब. म्हणून ते रोज ठरल्या वेळी घ्यायचं. लोक मात्र त्याला मोकाट पाण्यासारखं वापरतात. महालक्ष्म्यांना पुरणपोळी झाली की रात्री चार युनिट वाढवतात. ठिबकचं तोंड थोडं मोठं केल्याने आत्ताच खाल्लेलं पुरण जिरत नाही, उलट पहाटे घाम फुटतो. डोस बदलला की त्याचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे रोजच्या रोज कमी-जास्त करत बसण्यात अर्थ नाही. दुसरी बाजू अशी की एकादशी आली, नवरात्र आलं की ‘जेवण नाही तर सुई कशाला’ म्हणून इंजेक्शनच बंद. तेही बरोबर नाही. उपास धरायचा असेल तर चार दिवस आधी डॉक्टरांना विचारावं, ते आकडा कमी करून देतात. आमच्या सौ.नी आता एकादशी सोडली. विठ्ठल रागावणार नाही म्हणते. एखाद्या रात्री घ्यायचं राहून गेलं तर दुसऱ्या रात्री दुप्पट घेऊ नये, हेही सांगून ठेवतो.

आणि रंगाचा घोळ. जुनं दुधट होतं, हे पाण्यासारखं नितळ. सूनबाईला पहिल्या दिवशी वाटलं बाटलीत पाणीच भरून दिलं. ग्लारजिन नितळच असतं. ते गढूळ दिसलं किंवा त्यात कण दिसले तर टाकून द्यायचं. ते दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळून एका सिरिंजमध्ये कधीही भरायचं नाही. जेवणाआधीचंही नितळच असतं, म्हणून ज्या घरात दोन्ही आहेत त्यांनी एका बाटलीला रबर बांधून ठेवावं. बोटांना अंधारातही कळतं.

उन्हाळ्याबद्दल पुस्तकात लिहिलेलं आमच्याकडे पुरत नाही. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही. एकदा गोठली की ती विरघळल्यावर छान दिसते, पण कामातून गेलेली असते. उघडलेली बाटली ३० अंशांच्या खाली २८ दिवस चालते, असं आमच्या औषधाच्या पत्रकावर आहे. दुसऱ्या औषधाचं वेगळं असू शकतं, आपापलं पत्रक वाचावं. पण ३० अंश विदर्भात कुठून आणायचे? मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत दुपारी पारा ४२ वर, वीज गेलेली, कूलर बंद. आम्ही एका मोठ्या गाडग्यात ओली रेती घातली, त्यात लहान गाडगं बसवलं, वर ओला फडका. बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून आत. सकाळ-संध्याकाळ रेतीवर पाणी. घरातला थर्मामीटर आत ठेवून पाहिला तर खोलीत ४२ असताना गाडग्यात २८. कोरड्या उन्हात हे जमतं, पावसाळ्यात तितकं नाही, पण तेव्हा हवाच निवलेली असते. प्रवासात मोटारसायकलच्या डिक्कीत इन्सुलिन ठेवू नये. आणि एसटीत ड्रायव्हरजवळच्या बॉनेटवर पिशवी ठेवायची आपल्या लोकांना फार सवय. खाली इंजिन तापलेलं असतं. मी आयुष्यभर पिशव्या उचलायला लावल्या, आता त्यांत इन्सुलिन किती असेल ते मनात येतं.

त्या २८ दिवसांवरून आणखी एक हिशेब. १० मिलीच्या बाटलीत १००० युनिट. रोज १२ प्रमाणे २८ दिवसांत लागतात ३३६. म्हणजे उरलेली दोन-तृतीयांश बाटली फेकायची, आणि फेकवत नाही म्हणून लोक तीन तीन महिने वापरतात, मग ‘इन्सुलिनने फरक पडत नाही’ म्हणतात. ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट. पेन असेल तर दरवेळी आधी दोन युनिट हवेत सोडून सुई वाहते का ते पाहायचं, म्हणजे रोजचे १४. एकवीस दिवसांत संपतं, वाया काही जात नाही. शिवाय पेनमध्ये सिरिंजचाच प्रश्न नाही, म्हणून सिरिंजने कार्ट्रिजमधलं औषध ओढू नये. बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजून मग सुई काढावी, नाहीतर थेंब बाहेर येतो. शेजाऱ्याचं पेन मात्र घेऊ नये, आपलं देऊ नये. सुई बदलली तरी आत रक्ताचा अंश गेलेला असू शकतो. आम्ही आता पेनवर आलो आहोत.

पोटावर एकाच ठिकाणी टोचून टोचून सौ.ना बेंबीच्या उजवीकडे आवळ्याएवढी गाठ झाली होती. तिथे दुखत नाही म्हणून तीच जागा लाडकी. गाठीतून औषध कधी शोषलं जातं, कधी नाही. जागा रोज बोटभर सरकवायची, बेंबीपासून दोन बोटं सोडून. पण जुनी गाठ सोडून ताज्या जागी जाताना डॉक्टरांना सांगावं, कारण तोच डोस तिथे जास्त लागू पडतो.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतू नये, ते श्वासनळीत जातं. कुशीवर वळवावं आणि १०८ ला फोन करावा.

आमच्या उपकेंद्रात तीस वर्षांवरच्या सगळ्यांची शुगर तपासतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याला इन्सुलिन लिहून दिलं त्याच्या घरी पहिलं इंजेक्शन कुणीतरी डोळ्यांनी पाहावं. एकदाच. बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून आकडा वाचावा. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, हे मला दिसतं. मग मेडिकलवाल्यांनी तरी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा गिऱ्हाइकासमोर मोठ्याने वाचून दाखवावा. आमच्या दुकानदाराने ते सुरू केलं आहे.

शेवटची विनंती आपल्याला. दोन्ही सिरिंजचा फोटो शेजारी शेजारी छापावा, लोक कापून कपाटाला चिकटवतील. मात्र तो रंगीत पानावर घ्यावा. आमच्याकडे येणाऱ्या अंकाची आतली पानं काळी-पांढरी असतात, आणि त्यात दोन्ही टोप्या सारख्याच दिसतील.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
ता. आर्वी, जि. वर्धा
(नाव छापू नये, ही विनंती.)