दीड महिना तुला न सांगितलेलं

प्रिय पिंके,

रविवारी तू तब्येत विचारलीस आणि मी "मस्त" म्हणून मोकळी झाले. बाबा बाजूला बसून माझ्याकडे बघत होते. फोनवर जमणार नाही, म्हणून लिहून राहिले.

दिवाळीपासून पाळी नसतानाही मला डाग दिसायचे. एका दवाखान्यात दोनदा गेले. दोन्ही वेळा न तपासताच, "पाळी जायचं वय आलं" म्हणून गोळ्या दिल्या. खरं सांगू, मलाही बरंच वाटलं. टेबलावर झोपायचं टळलं ना!

शेवटी धरमपेठेतल्या एका डॉक्टरबाईंनी पॅप चाचणी केली. गर्भाशयाच्या तोंडावरून छोट्या ब्रशनं पेशी घेतात, बस. रिपोर्टात पेशी बदललेल्या निघाल्या, वर एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह, म्हणजे या कॅन्सरचा धोका वाढवणारा विषाणू. त्या रात्री कूलरसमोर बसून होते, तरी घाम थांबेना.

बाई म्हणाल्या, पॅपवरून नुसती शंका येते, निदान तुकडा तपासल्यावरच. मग कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाचं तोंड दुर्बिणीतून मोठं करून बघतात. आत पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं, लावलं आणि खोलीभर चायनीजच्या गाडीचा वास! तशा अवस्थेतही मला हसू आलं. मिनिटभर थांबायचं असतं. मग पडद्यावरच्या गुलाबी गोलात, घड्याळात बारा वाजतात तिथे, पांढरा चट्टा हळूहळू उमटला. लाटलेल्या पुरीवर पीठ राहावं तसा. तिथूनच तिळाएवढा तुकडा काढला. ओटीपोटात एक कळ आली, संपलं.

सीआयएन ३ निघालं, म्हणजे पेशींत कॅन्सरआधीचा मोठा बदल. कॅन्सर नाही, पण तसंच सोडलं असतं तर पुढे होऊ शकला असता. भूल देऊन विजेच्या तारेच्या फासानं तेवढा भाग काढला, संध्याकाळी घरी. काढलेल्या भागाच्या कडा साफ आल्या, म्हणजे तिथे खराब पेशी नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी.

हा विषाणू आला कुठून, हे मी विचारलंच. बहुतेकांना कधी ना कधी लागतो, बहुतेकांचा दोनेक वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात टिकतो, त्यांच्यातही कॅन्सर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. म्हणजे कधीचा, कुणाचा, काही कळत नाही. हे ऐकून बाबांनी सोडलेला श्वास तू ऐकायला हवा होतास.

आपल्याच महाराष्ट्रात, धाराशिव जिल्ह्यात, १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला होता. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी केली, तिथे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. एकदाच, पोरी! आणि मी एकोणपन्नास वर्षांत एकदाही नाही.

तुला सव्वीसावं चालू आहे. एचपीव्हीची लस घेऊन टाक. तीन डोस, पहिल्यानंतर दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. सर्व्हाव्हॅक नावाची लस तर तुमच्या पुण्याचीच. लस घेतली तरी तिशीनंतर चाचणी चुकवायची नाही. पाळीत जाऊ नकोस, आणि आधीचे दोन दिवस आतून कुठलं औषध नको.

महाल भागातल्या काकूची मंगळवारची वेळ घेतली आहे. "मला काऊन, मला काही होत नाही" म्हणते. बघू.

तुझी,
आई