मिस्त्रीकाका, न भरलेल्या फटीबद्दलही आभार

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

तुमचे पैसे चुकते झाले, आभार मात्र राहून गेले. समोर उभं राहून बोलायला लागलो असतो तर तुम्ही "बरं बरं, चहा टाका" म्हणून विषय संपवला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. जुन्या लाकडाच्या फटी पारदर्शक इपॉक्सीने, म्हणजे रेझिन आणि हार्डनर ही दोन द्रव्यं मिसळली की कडक होणाऱ्या भरणीने, भरायचा विचार आणखी कोणी करत असेल, तर त्यालाही उपयोग होईल.

गावच्या घराच्या सागवानी दरवाजाचं जेवणाचं टेबल करायचं, हे खूळ आमचं. त्यात खिळ्यांची भोकं, एक निसटलेली गाठ आणि टोकाकडून आत शिरलेली चीर. दुसऱ्या एकाने फेव्हिकॉलमध्ये भुसा कालवून भरून द्यायची तयारी दाखवली होती. स्वस्तात झालं असतं, पण त्यावर पॉलिश नीट मुरत नाही आणि ठिगळं उठून दिसतात. तुम्ही म्हणालात, "दरवाजाचं वय दिसू दे."

तुमचा निम्मा वेळ साफसफाईतच गेला. दाभण, जुना टूथब्रश, ब्लोअर. पारदर्शक भरणीखाली राहिलेला धुळीचा कणही कायमचा दिसतो, हे तेव्हा कळलं. चिरेला खालून पॅकिंगची टेप लावलीत, म्हणजे रेझिन गळत नाही आणि टेपला चिकटतही नाही. मग वजनकाटा काढलात. डब्यावर वजनाने दोनास एक, म्हणजे दोन भाग रेझिनला एक भाग हार्डनर, लिहिलं होतं. तेवढंच, ग्रॅमभर इकडेतिकडे नाही. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालणारे मी पाहिलेत. इपॉक्सीत ते चालत नाही, जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि भरणी मऊ राहते.

मला सगळ्यात आवडलं ते संध्याकाळची वाट पाहणं. सकाळपासून लाकूड तापत जातं, त्याच्या छिद्रांतली हवा फुगते आणि ओतलेल्या रेझिनमध्ये बुडबुडे सोडते. उन्हं उतरल्यावर लाकूड निवतं, हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं. आधी ब्रशने पातळ हात देऊन छिद्रं बुजवलीत, मग थोडं थोडं भरलंत आणि पृष्ठभागापेक्षा किंचित वर ठेवलंत. मिश्रण ग्लासात न ठेवता पसरट झाकणात ओतलंत, कारण एका जागी साठलं की ते स्वतःच्याच उष्णतेने तापून झटकन घट्ट होतं. खिळ्यांची भोकं आता काळसर मधासारखी दिसतात. पाहुणे हमखास बोट फिरवून बघतात.

आता मुख्य गोष्ट. दिलहे, म्हणजे दरवाजाच्या चौकटीत बसवलेल्या फळ्या, आणि चौकट यांच्यामधली बारीक फटही भरा, असा घरात सगळ्यांचा आग्रह होता. शितं अडकतात, मुंग्या येतात. तुम्ही साफ नाही म्हणालात. खोबणीतला दिलहा मोकळाच ठेवलेला असतो. पावसाळ्यात सागवानसुद्धा आडवं फुगतं, त्याला हलायला जागा लागते. चैत्रात ती जागा दगडासारख्या कडक इपॉक्सीने बुजवली तर आषाढात लाकूड दुसरीकडून फाटणार. "ही भेग नाही, ही सोय आहे," एवढं बोलून तुम्ही पुढच्या कामाला लागलात. जास्तीचे पैसे मिळत असताना काम नाकारणारा माणूस मी फारसा पाहिलेला नाही. यंदाचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. फट जवळजवळ मिटली, आणि टेबलाला कुठेही चीर गेली नाही.

टेबल खिडकीशी राहणार म्हणून वरून पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) हात दिलेत, तेही बरं केलंत. उघडं इपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं, हे दुकानदाराने आम्हाला सांगितलं नव्हतं. आणि हो, कच्चं रेझिन हाताला लागू नये म्हणून आमच्या चिरंजीवांना हातमोजे घातल्याशिवाय जवळ येऊ दिलं नाहीत, त्याबद्दल हिच्याकडून वेगळे आभार. त्याला आता अ‍ॅराल्डाइटच्या दोन ट्यूबा बघितल्या तरी रसायनशास्त्र सुचतं.

शितांचं म्हणाल तर जेवणं झाली की फटीतून एक मऊ ब्रश फिरवतो, भागतं.

माळ्यावर झोपाळ्याची फळी पडून आहे, तिच्या कडीच्या भोकापाशी चीर आहे. दमट हवेत हात लावायचा नाही, हे तुमचंच सांगणं. तेव्हा दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की येऊन बघा. भरायची की नाही ते तुम्हीच ठरवा.

तुमचा,
टेबलवाला