तवंग आधी ओळखा
उन्हाळ्यात पाणी आटलं की मराठवाड्यातल्या तलावांवर हिरवा तवंग धरतो. तो साध्या शेवाळाचा की मायक्रोसिस्टिससारख्या नील-हरित जीवाणूंचा, हे बघायला काचेची बरणी पुरते. हातमोजे घालून ती पाऊण भरा, रात्रभर हलवू नका. हिरवा थर वर आला तर बहुधा नील-हरित. पेशींतल्या वायूच्या सूक्ष्म पोकळ्या त्यांना तरंगवतात. अशा पाण्यात थेट ब्लीचिंग पावडर किंवा मोरचूद टाकू नये (सर्रास टाकतात!). या जीवाणूंच्या पेशी फुटून त्यांच्यातलं विष पाण्यात उतरतं, उकळूनही जात नाही. आधी तुरटीने पेशी अखंड बसवाव्यात, मग गाळावं, क्लोरीन शेवटी. खालचा गाळ मात्र लगेच काढावा. कुजला की तेच विष परत पाण्यात येतं.
— एक वाचक, बीड