पाणी उतरलं, पण नदी पोहण्याजोगी झाली का? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ना. प्रकाश आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
तथा पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा

साहेब, सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी लहान पोरांनाही तोंडपाठ असते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. राधानगरी धरणाच्या सातपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडले, हे तर रात्री-अपरात्रीही घरोघरी कळतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा कित्येक कुटुंबांनी याच आकड्यांकडे बघून घरं सोडली. ही यंत्रणा मोलाची आहे.

पण पाणी इशारा पातळीच्या खाली आलं की हा आकडा बोलायचा थांबतो आणि पूर संपला असं सगळे धरून चालतात. घाटाच्या पायऱ्या उघड्या पडायची खोटी, पोहणारे पुन्हा पाण्यात. मी पंचगंगेतच पोहायला शिकले आणि आज मुलांना पोहायला शिकवते, म्हणून ही घाई मला ठाऊक आहे. नदीवर पोहणाऱ्याला तलावाच्या चौकोनात चैन पडत नाही. पूर चढलेला असताना पोलीस पूल अडवतात, उड्या मारणाऱ्यांना हुसकावतात, ते योग्यच आहे. माझं म्हणणं त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांबद्दल आहे. तेव्हा ओढ कमी झालेली असते, पाणी शांत दिसतं, आणि घाटावर अडवायला कुणी नसतं.

त्या पाण्यात काय असतं, ते तुमच्या खात्याला मी सांगायची गरज नाही, पण पत्र लोकही वाचतील म्हणून लिहिते. पुराने गोठे धुऊन नेलेले असतात, शौचालयांच्या टाक्या भरून वाहिलेल्या असतात, मेलेली जनावरं वाहून आलेली असतात. जयंती नाल्याचं सांडपाणी एरवी उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे नेलं जातं. उपसा बंद पडला किंवा नाल्याला पाणीच आवाक्याबाहेर आलं, तर ते थेट नदीत जातं. एवढ्या पाण्यात घाण विरून जाते, वाहतं पाणी शुद्धच, असं घाटावर जाणती माणसंसुद्धा म्हणतात. ते खरं नाही. पूर येतो तोच सगळ्या खोऱ्याची घाण घेऊन. शिवाय गाळाला चिकटलेले जंतू तळाशी टिकून राहतात आणि आपण पाय मारले की पुन्हा वर येतात.

सगळ्यात जास्त भीती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतूमुळे होणाऱ्या तापाची. उंदीर, गुरं, डुकरं, कुत्री यांच्या मूत्रातून हा जंतू पाण्यात आणि चिखलात येतो आणि ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे जगतो. आपल्या अंगात तो शिरतो खरचटलेल्या कातडीतून, डोळ्यांतून, नाका-तोंडातून. गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्याचे निदान डोळे तरी कोरडे असतात. पोहणारा तासभर सगळ्या अंगाने त्यातच असतो, कातडी भिजून मऊ पडलेली असते, घोटभर पाणी नकळत पोटात जातंच, आणि घाटाच्या दगडावर, वाहून आलेल्या पत्र्यावर-काचेवर पाय हमखास कापतो. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो. तोवर त्या पोहण्याची आठवणही राहिलेली नसते. डोकं दुखतं, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. त्याच दिवसांत डेंग्यूचीही साथ असते, म्हणून सगळे तिकडेच बघतात. वेळेत ओळखलं तर साधं, स्वस्त प्रतिजैविक पुरतं. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडं निकामी होतात, फुप्फुसात रक्तस्राव होतो.

हा रोग केवळ चिखलात राबणाऱ्यांचा, असंही समजू नये. १९९८ मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या लेक स्प्रिंगफील्डमध्ये ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी स्पर्धा झाली. स्पर्धेआधी जोराचा पाऊस झाला होता. नंतर ८३४ स्पर्धकांशी संपर्क साधला तेव्हा ९८ जण आजारी पडल्याचं कळलं, आणि पोहताना पाणी गिळलेल्यांना लेप्टोचा धोका जास्त असल्याचं दिसलं. ही सगळी धडधाकट, सराव केलेली माणसं होती. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, २०२४ साली, नुसत्या पावसाने सेन नदीचं पाणी बिघडलं म्हणून पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलली गेली. तिथे पूर आलेला नव्हता.

आपल्याकडचे दाखलेही आहेतच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाठोपाठ मुंबईत लेप्टोची साथ आली. तेव्हापासून मुंबईकराला एवढं तरी माहीत झालं आहे की तुंबलेल्या पाण्यातून चाललं की ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून लेप्टो होऊ नये म्हणून गोळी घ्यायची. केरळने २०१८ च्या महापुरानंतर पुराच्या पाण्यात उतरलेल्यांना आणि मदतकार्य करणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या वाटल्या. दूषित पाणी काय करू शकतं ते इचलकरंजीने २०१२ च्या काविळीच्या साथीत भोगलं आहे. ती साथ पिण्याच्या पाण्याची होती. पण पोहताना गिळलेला घोट काही वेगळ्या पोटात जात नाही.

म्हणून माझी मुख्य मागणी एकच आहे: पातळीचा आकडा जसा लोकांपर्यंत पोचतो, तसा पाण्याच्या प्रतीचाही पोचवा. घाटावर स्नानासाठी पाणी कसं हवं, याचा निकष केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरवलेला आहे. १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू ५०० पर्यंत असावेत आणि कोणत्याही परिस्थितीत २५०० च्या वर नसावेत. पूर ओसरल्यावर पंचगंगा घाट, प्रयाग चिखली, इचलकरंजी, नृसिंहवाडी इथलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी तपासा आणि तो आकडा घाटावर मोठ्या अक्षरांत लावा. अहवाल येईपर्यंत आणि पाणी निकषात बसेपर्यंत पोहणं बंद, असा जिल्हाधिकाऱ्यांचा स्पष्ट आदेश असू द्या. लेप्टोचा जंतू या चाचणीत दिसत नाही, याची मला कल्पना आहे. म्हणूनच आकडा चांगला आला तरी अंगावर जखम असलेल्याने आणि लहान मुलांनी आणखी काही दिवस पाण्यापासून लांब राहावं, हेही त्याच फलकावर लिहावं. प्रदूषण मंडळ तुमच्या खात्याखाली येत नाही, पण पालकमंत्री म्हणून मंडळ, महापालिका आणि आरोग्य विभाग यांना एका बैठकीला बसवणं तुमच्या हातात आहे.

दुसरं, ओपीडीतलं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ताप घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाला 'पाण्यात उतरला होतात का?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर त्यासाठी एक रकाना छापायला कितीसा खर्च येणार? आणि जी पोरं बोटी घेऊन, गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून लोकांना बाहेर काढतात, त्यांच्या गोळ्यांची, धनुर्वाताच्या इंजेक्शनची आणि नंतरच्या तपासणीची सोय पावसाळ्याआधीच झालेली असावी. त्यांचा सत्कार आपण आवर्जून करतो. पंधरा दिवसांनी त्यांच्यातल्या कुणाला ताप आला का, याची चौकशीही आवर्जून व्हावी.

नृसिंहवाडीचा विषय नाजूक आहे, तरी लिहिते. पुराचं पाणी तिथल्या दत्तमंदिरात शिरून दक्षिण दारातून बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वार सोहळ्याला पादुकांवरून वाहून आलेल्या पाण्यात स्नान करायला लांबून लोक येतात. त्या श्रद्धेला हात लावायला मी सांगत नाही. पाणी तोंडात जाऊ देऊ नये, पायाला जखम असेल तर अंगावर नुसतं शिंपडून घ्यावं, घरी जाऊन साबणाने अंघोळ करावी, लहानग्यांना बुडवू नये, एवढं देवस्थानच्याच ध्वनिक्षेपकावरून सांगितलं गेलं तर लोक ऐकतील. कोल्हापूरकर ऐकतात, साहेब. पंचगंगेत गणपती विसर्जित करण्याची पिढ्यान्पिढ्यांची सवय सोडून याच शहराने मूर्तीदान आणि इराणी खणीच्या साठलेल्या पाण्यातलं विसर्जन स्वीकारलं. लोकांना कारण पटवून दिलं गेलं आणि पर्यायही हाताशी होता, म्हणून ते झालं.

पोहणाऱ्यांनाही पर्याय लागेल. नदी बंद असेल त्या आठवड्यांत महापालिकेचे जलतरण तलाव घाटावर पोहणाऱ्यांना विनाशुल्क खुले ठेवावेत. शिकाऊ मुलांना तिथे न्यायची जबाबदारी आम्ही शिकवणारे घेऊ. पाण्याचे नमुने घ्यायला, फलकावरचा आकडा बदलायला माणसं हवी असतील, तर पहाटे साडेपाचला घाटावर आम्ही असतोच.

येत्या पावसाळ्याआधी या विषयावर एक बैठक बोलवावी आणि घाटावर रोज पोहणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना तिथे बोलू द्यावं, ही विनंती.

आपली,
पंचगंगा घाटावरची एक पोहणारी,
कोल्हापूर