डोक्याला मार लागलेल्या माजी सैनिकांसाठी स्मरणशक्ती तपासणी

सभासदहो,
येत्या रविवारी सकाळी 10 वाजता आपल्या सभागृहात तपासणी आहे. सेवेत असताना स्फोटात, अपघातात किंवा पडून डोक्याला मार लागलेल्या साठीपुढच्या सर्वांनी यावे. "तेव्हा नुसती भोवळ आली होती" म्हणणाऱ्यांनीही. अशा जुन्या माराने उतारवयात डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढतो.

– घरचं कुणीतरी सोबत आणाच. तोच प्रश्न आपण तिसऱ्यांदा विचारतोय, हे त्यांनाच कळतं.
– चष्मा, श्रवणयंत्र आणा; नीट ऐकू आलं नाही तरी गुण जातात.
– चालू गोळ्या, विशेषतः झोपेच्या, सोबत आणा.

चाचणी 30 गुणांची. कागदावर घड्याळाचं चित्रही काढायला लावतात. सराव करून येऊ नका!

नावे शुक्रवारपर्यंत सचिवांकडे द्या. नुकतंच पडून डोकेदुखी वाढत असेल, उलट्या होत असतील, तर रविवारची वाट न पाहता रुग्णालय गाठा.